घरच्या घरी गरोदरपणाची चाचणी नेमकी कधी करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाचणी कोणत्या दिवशी करावी, याचे थोडक्यात उत्तर काय?

पाळी नियमित येत असेल, तर ती ज्या दिवशी यायला हवी होती तो दिवस पाळीविना गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी करावी. आणखी पाच-सात दिवस थांबण्याइतका धीर असेल, तर मिळणारा निकाल अधिक भरवशाचा असतो. पाळीची तारीख लक्षात नसेल किंवा पाळी कधीच वेळेवर येत नसेल, तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस मोजावेत आणि मग चाचणी करावी. पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे या दोन नियमांवरच आधारलेली आहेत. मात्र प्रत्येकीच्या पाळीचे गणित वेगळे असल्यामुळे ते नियम आपल्याला कसे लागू पडतात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

संबंध आल्यानंतर चार-पाच दिवसांत चाचणी केली, तर गर्भधारणा का कळत नाही?

कारण त्या वेळी कळण्यासारखे शरीरात काही घडलेलेच नसते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, आणि अंडाशयातून बाहेर पडलेले स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. म्हणजे संबंधाचा दिवस आणि फलनाचा दिवस एकच असेल असे नाही. फलित झालेले बीज गर्भनलिकेतून हळूहळू गर्भाशयात उतरते आणि स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून सहा ते बारा दिवसांच्या दरम्यान, बहुतेकींच्या बाबतीत आठव्या ते दहाव्या दिवशी, गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. रुजू लागल्यानंतरच एचसीजी हे संप्रेरक रक्तात आणि तेथून लघवीत उतरू लागते. घरगुती किट केवळ हेच संप्रेरक ओळखते.

सुरुवातीला त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि ते साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते. बाजारातील बहुतेक किट दर मिलिलिटर लघवीत २० ते २५ मिली-युनिट एचसीजी असल्याशिवाय रेषा दाखवत नाहीत. प्रमाण पाचावरून वीसवर जायचे, तर दोनदा दुप्पट व्हावे लागते, आणि त्यात चार ते सहा दिवस जातात. शुक्राणू टिकण्याचे पाच दिवस, उशिरा रुजण्याचे बारा दिवस आणि संप्रेरक वाढण्याचे चार-पाच दिवस मिळवून पाहिले, म्हणजे २१ दिवसांचा सल्ला कुठून येतो ते लक्षात येईल.

माझी पाळी २८ दिवसांनी येत नाही. मी तारीख कशी काढावी?

सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देत आहोत. २१ ते ३५ दिवसांनी येणारी कोणतीही पाळी सर्वसाधारण मानली जाते. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. बदलतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणूनच ज्यांची पाळी लांबते, त्यांचे स्त्रीबीजच मुळात उशिरा बाहेर पडते.

एक उदाहरण तारखांसह पाहू. एखादीची पाळी दर ३५ दिवसांनी येते आणि शेवटची पाळी ३ जूनला सुरू झाली. तिचे स्त्रीबीज साधारण २३ जूनच्या आसपास बाहेर पडेल आणि पुढची पाळी ८ जुलैला अपेक्षित राहील. तिने ‘महिना झाला’ असे म्हणून २८ दिवसांच्या हिशेबाने १ जुलैला चाचणी केली, तर तेव्हा स्त्रीबीज बाहेर पडून जेमतेम आठ दिवस झालेले असतात. गर्भ राहिला असला तरी तो कदाचित अजून रुजलेलाही नसेल. किटवर एकच रेषा येते आणि ती निश्चिंत होते. ही निश्चिंती चुकीची ठरू शकते. तिने चाचणी करायची ती ८ जुलैनंतर.

यासाठी मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा हाताशी असाव्या लागतात. मोबाइलमधील ॲपपेक्षा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने केलेली फुली कमी उपयोगाची नाही. पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. त्याच्या आदल्या दिवशी दिसलेला पुसटसा डाग धरू नये. ॲप वापरत असाल, तर ते दाखवीत असलेली ‘पुढील पाळी’ ही मागच्या तारखांच्या सरासरीवरून काढलेली असते, हे ध्यानात ठेवावे. आजारपण, रात्रपाळी, लांबचा प्रवास किंवा घरातले एखादे मोठे दुःख यांमुळे त्या महिन्यात स्त्रीबीज उशिरा बाहेर पडले असेल, तर ॲपला ते कळत नाही.

पीसीओएसमुळे (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे स्त्रीबीज नियमित बाहेर न पडण्याचा विकार) माझी पाळी दोन-दोन महिने येत नाही. दर वेळी चाचणी करावी का?

पाळी लांबणे हीच नेहमीची गोष्ट झाली, की ‘चुकली’ या शब्दाला अर्थ उरत नाही. अशा वेळी पाळीची वाट पाहू नये. शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजून चाचणी करावी आणि निकाल निगेटिव्ह आल्यास एका आठवड्याने पुन्हा करावी. ‘मला पीसीओएस आहे, मला दिवस जाणार नाहीत’ असे गृहीत धरणाऱ्या कितीतरी जणींना तिसरा महिना संपताना कळते. पीसीओएसमध्ये स्त्रीबीज क्वचित बाहेर पडते, परंतु पडते.

‘पाळी चुकण्याआधीच कळते’ असे काही पाकिटांवर लिहिलेले असते. ते खरे असते का?

काही किट कमी प्रमाणातले एचसीजीही ओळखतात, त्यामुळे काही जणींना दोन-चार दिवस आधी पॉझिटिव्ह निकाल मिळू शकतो. मात्र त्या टप्प्यावरचा निगेटिव्ह निकाल जवळजवळ निरर्थक असतो. लवकर चाचणी करण्याची आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे, असे आम्हाला वाटते. कित्येकदा गर्भ रुजतो आणि चार-सहा दिवसांत आपोआप संपतो; एरवी ती पाळी दोन दिवस उशिरा आणि थोडी जास्त आली, इतकेच वाटले असते. आधीच दोन रेषा पाहिल्या असतील, तर त्याच पाळीचे दुःख होते. यात त्या स्त्रीचे काहीही चुकलेले नसते. तिने जिना चढला म्हणून, पपई खाल्ली म्हणून किंवा वजन उचलले म्हणून असे घडत नाही.

सकाळची पहिलीच लघवी हवी का?

पाळी चुकून एक-दोन दिवसच झाले असतील, तर हवी. रात्रभर साठल्यामुळे ती दाट असते आणि संप्रेरकाचे प्रमाण त्यात सर्वाधिक असते. आठवडा उलटून गेला असेल, तर दिवसातील कोणतीही वेळ चालते, फक्त आधीचे तीन-चार तास लघवीला गेलेले नसावे. लघवी व्हावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊन चाचणी करू नये. पाण्याने पातळ झालेल्या लघवीत फिकट रेषा हरवून जाते.

किट वापरताना कोणती काळजी घ्यावी?

आपल्याकडे प्रेगा न्यूज, आय-कॅन यांसारखी जी किट मिळतात, ती बहुतेक छोट्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या रूपात असतात आणि सोबत एक ड्रॉपर असतो. आधी पाकिटावरची अंतिम मुदत पाहावी आणि पाकीट चाचणीच्या वेळीच फोडावे. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खराब होते, म्हणूनच आत ओल शोषणारी छोटी पुडी घातलेली असते. लघवी स्वच्छ आणि कोरड्या भांड्यात घ्यावी. साबणाचा अंश राहिलेली वाटी घेऊ नये, कागदी कप सर्वांत सोयीचा. पट्टी सपाट जागेवर ठेवून गोल खळग्यात, पाकिटावर सांगितले असतील तितके, बहुधा दोन ते तीन, थेंब टाकावेत आणि घड्याळ लावावे.

पुढच्या मिनिटभरात गुलाबीसर ओल खिडकीतून हळूहळू सरकताना दिसते आणि तिच्या मागे पांढरा भाग स्वच्छ होत जातो. ‘सी’ या अक्षरापाशी रेषा आली, म्हणजे पट्टीने काम केले. ‘टी’पाशीही रेषा आली, म्हणजे निकाल पॉझिटिव्ह. ‘सी’ची रेषाच आली नाही, तर ‘टी’पाशी काहीही दिसो, ती चाचणी बाद समजावी आणि नवी पट्टी घ्यावी. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेत, बहुतेक किटमध्ये पाच मिनिटांनी, वाचावा.

‘टी’ची रेषा अगदी फिकट आहे. ती धरायची का?

सांगितलेल्या वेळेत आलेली आणि रंग असलेली रेषा कितीही फिकट असली तरी निकाल पॉझिटिव्ह असतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा चाचणी केल्यास ती सहसा गडद झालेली दिसते. याउलट, वेळ टळून गेल्यावर उमटलेली राखाडी रेघ धरू नये. रात्री केलेली चाचणी टिश्यू पेपरात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दाखवायला आणलेली पट्टी आम्ही अनेकदा पाहतो. घरून निघताना तिच्यावर एक रेषा होती आणि आता दोन आहेत, असे सांगताना त्या स्त्रीचा चेहरा पाहवत नाही. लघवी वाळल्यावर पट्टीवर अशी पुसट रेघ उरते. तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही, म्हणून तेथेच नवी चाचणी करावी लागते.

रेषेच्या गडदपणावरून जुळे आहे की नाही, किंवा मुलगा आहे की मुलगी, यांपैकी काहीही कळत नाही.

साखर, मीठ किंवा टूथपेस्ट घालून करायच्या घरगुती चाचण्या खऱ्या असतात का?

नाहीत. साखरेच्या गुठळ्या होणे किंवा टूथपेस्टला फेस येणे यांचा एचसीजीशी काडीचाही संबंध नाही. पुरुषाच्या लघवीनेही तसाच फेस येतो.

चाचणी निगेटिव्ह आली, पण पाळीही येत नाही. आता काय करावे?

एका आठवड्याने पुन्हा चाचणी करावी. स्त्रीबीज उशिरा बाहेर पडले असेल, तर त्या आठवड्यात एचसीजी भरपूर वाढलेले असते आणि शंका राहत नाही. दुसरीही निगेटिव्ह आली आणि पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांकडे जावे. रक्तातील बीटा एचसीजीची तपासणी अगदी थोडे प्रमाणही ओळखते. थायरॉइड, वजनातील मोठा फरक, वाढलेले प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे संप्रेरक) अशी इतर कारणेही तेव्हाच तपासली जातात. पाळी चुकून दोन-तीन महिने झाले आहेत, पोट जड वाटते, मळमळते आणि तरीही पट्टी निगेटिव्ह येते, असे फार क्वचित घडते. त्या वेळी संप्रेरकाचे प्रमाण इतके जास्त असते, की पट्टीची रसायने त्यामुळे गोंधळतात. अशा वेळी पट्टीवर विसंबून राहू नये.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. आता पाळी आली नाही, ती गोळ्यांमुळे की दिवस गेल्यामुळे?

गणपतीत, लग्नसराईत किंवा घरच्या पूजेच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. या गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा उलटूनही आली नाही, तर चाचणी करावी. पाळी थांबली होती म्हणजे गर्भही राहणार नव्हता, असा समज अनेकींचा असतो. परंतु गर्भनिरोधक म्हणून या गोळ्यांवर विसंबता येत नाही.

याच्या उलट प्रकार आम्हाला अधिक काळजीचा वाटतो. पाळी आठ दिवस पुढे गेली, की शेजारणीच्या किंवा नणंदेच्या सांगण्यावरून मेडिकलमधून ‘पाळी येण्याच्या गोळ्या’ आणून घेतल्या जातात. गर्भ राहिलेला असेल, तर या गोळ्यांनी पाळी येत नाही. मग दुसरा डोस घेतला जातो, त्यात महिना जातो, आणि ज्या काळात नीट निर्णय घेता आला असता तो काळ हातातून निसटतो. काही वेळा त्याच काउंटरवरून गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीविना घेतल्या जातात. गर्भ गर्भनलिकेत रुजलेला असेल, तर या गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही आणि नळी फुटून जिवावर बेतू शकते. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे असे, की पाळी आणण्यासाठी कोणतीही गोळी, काढा किंवा इंजेक्शन घेण्यापूर्वी शंभर रुपयांच्या आत मिळणारी ही पट्टी आधी वापरावी. एक्स-रे काढण्यापूर्वीही पाळी चुकली असल्यास तसे सांगावे.

आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घेतली होती. चाचणी कधी करावी?

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, घ्यायची असते. तिच्यामुळे पुढची पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होऊ शकते. पाळी आठवड्याहून अधिक लांबली, किंवा गोळी घेऊन तीन आठवडे झाले तरी आली नाही, तर चाचणी करावी. गोळीनंतर चार-पाच दिवसांत थोडे रक्त दिसले, तर ती पाळी समजू नये.

बाळ अंगावर पिते आहे आणि बाळंतपणानंतर पाळीच आलेली नाही. तरीही दिवस जाऊ शकतात का?

हो. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधी पहिले स्त्रीबीज बाहेर पडते, त्यामुळे पाळी न दिसताच पुन्हा गर्भ राहू शकतो. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, दिवसरात्र फक्त आईचेच दूध पीत असेल आणि पाळी आलेली नसेल, तर शक्यता कमी असते. वरचे खाणे सुरू झाले, रात्रीचे पाजणे सुटले, की ते संरक्षण धरू नये आणि शंका आल्यास २१ दिवसांच्या नियमाने चाचणी करावी. पंचेचाळिशीच्या पुढे, पाळी जायला आली म्हणून लांबत असेल, तेव्हाही हाच नियम लागू आहे.

कोणत्या औषधांमुळे किंवा कारणांमुळे खोटा पॉझिटिव्ह निकाल येतो?

प्रतिजैविके, तापाच्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे निकाल बदलत नाही. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचे इंजेक्शन दिले असेल, तर ते दहा ते चौदा दिवस लघवीत राहू शकते. म्हणून उपचार करणारे डॉक्टर सांगतील त्याच तारखेला रक्ततपासणी करावी, आधी घरी पट्टी लावून जिवाची घालमेल करून घेऊ नये. गर्भपातानंतरही साधारण चार आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून अधिक काळ, पट्टी पॉझिटिव्ह दिसू शकते.

पॉझिटिव्ह आली. आता डॉक्टरांकडे लगेच जावे की दोन महिने पूर्ण होऊ द्यावेत?

त्याच आठवड्यात जावे. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे २८ दिवसांची पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे पूर्ण झालेले असतात. ‘पाळी चुकून मला तर एकच महिना झाला’ असे म्हणणारी स्त्री डॉक्टरांच्या हिशेबाने आठ आठवड्यांची गरोदर असते. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून घडतात, ती सहाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पाळी चुकल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत, बंद होते. तिच्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आवश्यक असते आणि ते गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू करणे उत्तम. मधुमेह, फिट्स, रक्तदाब यांची औषधे सुरू असतील तर ती स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरांना विचारावे. शासकीय आरोग्य केंद्रात १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे.

सोनोग्राफीची घाई मात्र करू नये. पाळी चुकून चारच दिवस झाले असताना पडद्यावर काहीच दिसत नाही आणि उगाच धसका बसतो. हृदयाचे ठोके साधारण सहा आठवड्यांनंतर दिसू लागतात.

हे मूल आत्ता नको असेल तर?

तरीही चाचणी लवकर करण्यातच तुमचे हित आहे. भारतात १९७१च्या कायद्यानुसार आणि त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच केला जातो. स्त्री १८ वर्षांची असेल, तर संमती तिची एकटीची पुरते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही कायद्याने लागत नाही, आणि ती अविवाहित असली तरी तिला ही सेवा नाकारता येत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

दुकानात किट मागायला संकोच वाटतो. दुसरा मार्ग आहे का?

गावातील आशा सेविकेकडे शासनाची ‘निश्चय’ नावाची पट्टी मोफत मिळते. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातही चाचणी होते. किट ऑनलाइन मागवता येते. निकाल आधी कोणाला सांगायचा, हे जिची लघवी त्या पट्टीवर आहे तिनेच ठरवायचे आहे. सासूबाईंनी दाराबाहेर उभे राहून विचारले, तरी पाच मिनिटे पुरी होऊ द्यावीत.

कोणती लक्षणे दिसल्यास चाचणीची वाट न पाहता दवाखान्यात जावे?

पाळी चुकलेली असताना किंवा निकाल पॉझिटिव्ह आल्यानंतर ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येणे, अंगावरून रक्त जाणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा भोवळ येऊन पडणे, ही गर्भनलिकेतील गर्भाची लक्षणे असू शकतात. पट्टीवरच्या रेषेवरून गर्भ कोठे रुजला आहे ते कळत नाही. अशा वेळी घरी पडून राहू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पोहोचताच पहिल्यांदा शेवटच्या पाळीची तारीख सांगावी.